डॉक्टरांची नोंदणी, नूतनीकरण आणि तक्रार: सोलापूर जिल्ह्यासाठी माहितीचा धागा

नोंदवही (धागाकर्ता)

दवाखान्याच्या पाटीवरच्या पदव्या सगळे वाचतात, पण खालचा नोंदणी क्रमांक कोणी वाचत नाही. खरी माहिती त्या क्रमांकातच असते, म्हणून सुरुवात तिथूनच करते. ज्यांना नोंदणी, नूतनीकरण किंवा तक्रार यांतलं नेमकं काही माहीत आहे त्यांनी जरूर भर घालावी. ऐकीव किस्से नकोत, काम होईल अशी माहिती हवी.

महाराष्ट्रात सगळ्या डॉक्टरांची एकच वही नाही. एमबीबीएस आणि त्यापुढच्या पदव्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल म्हणजे एमएमसी ठेवते, १९६५ च्या कायद्याखाली. बीएएमएस आणि युनानीवाल्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, १९६१ च्या कायद्याखाली. होमिओपॅथीची परिषद वेगळी. दंतवैद्यांची वेगळी. नर्स, फार्मासिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याही आपापल्या परिषदा आहेत. एका परिषदेला दुसरीच्या माणसावर कारवाई करता येत नाही. बीएएमएस डॉक्टरची तक्रार एमएमसीकडे गेली तर ती "आमच्या कक्षेत नाही" असा शेरा घेऊन परत येते, आणि मधले महिने फुकट जातात.

आता क्रमांक कसा ओळखायचा ते बघा. एमएमसीचा अलीकडचा क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असा तीन तुकड्यांचा असतो: २०१४, तिरकी रेघ, ०७, तिरकी रेघ, आणि पुढे तीन-चार आकडे. जुन्या डॉक्टरांचा क्रमांक नुसता पाच-सहा आकडी असतो आणि तोही चालतो. आयुर्वेदाचा क्रमांक इंग्रजी 'आय' अक्षराने सुरू होतो, मग आकडे, मग 'ए'. केसपेपरवर 'एमडी' लिहिलंय आणि क्रमांक 'आय'ने सुरू होतो, तर ते एमडी आयुर्वेदातलं आहे. त्यात काहीच गैर नाही, मात्र ते पाटीवर स्पष्ट लिहायला हवं.

क्रमांक मिळाला की परिषदेच्या संकेतस्थळावर शोधा. नाव, पदवी आणि नोंदणी कधीपर्यंत चालू आहे, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. २०२५ पासून एमएमसीने 'नो युअर डॉक्टर' नावाचा क्यूआर कोडही आणलाय; तो दवाखान्यात लावला असेल तर मोबाईलवर थेट नोंद उघडते. मात्र कोड स्कॅन केल्यावर उघडणारं पान परिषदेचंच आहे ना, हे वरच्या पत्त्यावरून बघा. कोड कोणीही छापू शकतो.

---

मंगळवेढेकर

उपयोगी धागा. क्रमांक पाटीवरच असायला पाहिजे, की केसपेपरवर चालतो?

---

होटगी_नाका

दोन्हीकडे. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, म्हणून २००२ चेच धरायचे.) त्यांच्यानुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावायचा, शिवाय प्रिस्क्रिप्शन, दाखला आणि पैशाची पावती या तिन्हींवर लिहायचा. पावतीवरचा क्रमांक बहुतेक ठिकाणी गायब असतो. तक्रारीच्या वेळी नेमकी ती पावतीच कामाची असते, कारण कोणत्या डॉक्टरने पैसे घेतले हे तीच सांगते.

पाटीचेही नियम आहेत. अवाजवी मोठी पाटी नको. जिथे डॉक्टर बसत नाही तिथे त्याच्या नावाची पाटी नको, आणि औषधाच्या दुकानावर तर नकोच. आपल्याकडे मेडिकल दुकानाच्या शटरवर चार-चार डॉक्टरांची नावं रंगवलेली असतात. ती या नियमात बसत नाहीत.

---

अश्विनी_कु

एक प्रश्न. सोलापूरची पुष्कळ मुलं विजयपूर, कलबुर्गीला एमबीबीएसला जातात. पास झाल्यावर त्यांनी नोंदणी कुठे करायची? आणि रशिया, फिलिपिन्सकडून आलेल्यांचं काय?

---

डॉ_जुळेसोलापूर

अश्विनीताई, आधी सरळ वाट सांगतो, म्हणजे आडवळणं समजतील.

आपल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालयातला विद्यार्थी अंतिम वर्ष पास झाला की त्याला आधी तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. तिच्याशिवाय इंटर्नशिप सुरूच होत नाही. मग बारा महिने फिरती इंटर्नशिप. ती पूर्ण झाल्याचा दाखला महाविद्यालय देतं, पदवी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं, आणि मग कायम नोंदणी. तात्पुरत्या नोंदणीवर फक्त इंटर्नशिपच्या जागी, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करता येतं. त्या काळात संध्याकाळी कोणाच्या दवाखान्यात 'बसणं' किंवा रात्रीची आरएमओगिरी (निवासी डॉक्टरचं काम) स्वतःच्या सहीने करणं नियमबाह्य आहे. अशा सहीचा दाखला कोर्टात टिकत नाही, आणि ज्या रुग्णालयाने काम दिलं तेही अडचणीत येतं.

कर्नाटकातल्या महाविद्यालयातून पास झालेल्यांची पहिली नोंदणी कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे होते. महाराष्ट्रात दवाखाना थाटायचा तर तिथून ना हरकत दाखला घेऊन एमएमसीकडे नोंद करायची. इथे अडकतं ते बहुधा क्रमामुळे. मुलगा सोलापुरात परत येतो, कुठेतरी काम सुरू करतो आणि ना हरकत दाखल्याचा अर्ज नंतर टाकतो. तो दाखला परिषदा आपसात पाठवतात किंवा पडताळतात, त्यामुळे वेळ लागतो. इंटर्नशिपचा दाखला हातात आला त्याच आठवड्यात हा अर्ज टाकावा. सीमेवरच्या गावांत, म्हणजे अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागात, कर्नाटकचा क्रमांक टाकून सोलापूर जिल्ह्यात दवाखाना चालवणारे दिसतात. पदवी खरी असली तरी तपासणीत त्रास त्यांनाच होतो.

परदेशातून आलेल्यांसाठी स्क्रीनिंग परीक्षा आहे, एफएमजीई. ३०० प्रश्न, ३०० गुण, १५० ला पास, वर्षातून दोनदा. ती पास झाली की तात्पुरती नोंदणी, मग भारतात बारा महिने इंटर्नशिप, मग कायम नोंदणी. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर बाहेर प्रवेश घेतलेल्यांना आणखी अटी आहेत: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीतून, तिथेच बारा महिने इंटर्नशिप, आणि प्रवेशापासून दहा वर्षांत सगळं पूर्ण. पालकांनी पैसे भरायच्या आधी तो ५४ महिन्यांचा आकडा विद्यापीठाच्या कागदावर बघावा, एजंटच्या माहितीपत्रकात नव्हे. पुढे नोंदणी नाकारली गेली तर भरलेले पैसे आणि मुलाची वर्षं परत मिळत नाहीत.

---

नोंदवही

डॉक्टरसाहेब, अर्ज परत का येतात तेही लिहा ना. मुलांना तेच सगळ्यात जास्त हवं असतं.

---

डॉ_जुळेसोलापूर

सगळ्यात जास्त अर्ज नावावर अडतात. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर आईचं नाव जोडलेलं आणि पॅनवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरांतल्या आडनावांचं देवनागरीतून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदलतं, ही आणखी एक भर. पदवीवर जे नाव आहे तेच प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घ्या, उलट करू नका. पदवी दुरुस्त करायला विद्यापीठाकडे जावं लागतं, आधार मात्र इथेच होतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी जोडा. नुसता विवाह नोंदणी दाखला जोडून भागेल असं धरून चालू नका.

दुसरं कारण स्कॅन. मूळ कागदाचा रंगीत स्कॅन, दोन्ही बाजू, कडा न कापता. महाविद्यालयाचा शिक्का पुसट असेल तर आधीच नवा मारून घ्या. झेरॉक्सचा स्कॅन टाकला की त्रुटी निघते, आणि मग तुमचा अर्ज रांगेत मागे जातो.

तिसरं पैसे. खात्यातून रक्कम कापली जाते पण पोर्टलवर अर्ज अपूर्णच दिसतो. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, एक-दोन दिवस थांबा, मग लेखी कळवा.

आणखी एक, जे नवे एमडी, एमएस सर्रास विसरतात: पदव्युत्तर पदवीची वेगळी नोंद करावी लागते, अतिरिक्त अर्हता म्हणून. ती नोंद होईपर्यंत 'तज्ज्ञ' असं लिहू नये. ज्या शाखेची पदवी नाही तिचा तज्ज्ञ म्हणवणं हा २००२ च्या नियमांत गैरवर्तनाचा प्रकार आहे. 'मधुमेहतज्ज्ञ', 'हृदयरोगतज्ज्ञ' अशा पाट्या लावणाऱ्यांनी आपल्या नोंदणीत काय लिहिलंय ते एकदा बघावं.

मुंबईला समक्ष जायचं असेल तर कार्यालय चिंचपोकळी पश्चिमेला, साने गुरुजी मार्गावर, आर्थर रोड नाक्याजवळ आहे. रात्रीची सिद्धेश्वर पकडून सकाळी दादरला उतरायचं, तिथून धीम्या लोकलने चिंचपोकळी. जाण्याआधी पोर्टलवर वेळ घ्यावी लागते का ते बघूनच निघा.

---

बाळे_स्टेशन

नूतनीकरणाचं मी लिहितो, रुग्णालयाच्या प्रशासनात त्याचीच फाईल सांभाळावी लागते.

एमएमसीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची, आणि त्या पाच वर्षांत सीएमईचे (डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे) ३० क्रेडिट पॉइंट जमवायचे. व्याख्यानाला हजर राहिलात म्हणून पॉइंट मिळत नाही. त्या कार्यक्रमाला परिषदेची आधी मान्यता हवी, आणि हजेरी तुमच्या नोंदणी क्रमांकावर पडायला हवी. औषध कंपनीने हॉटेलात ठेवलेल्या 'सायंटिफिक मीट'ला अशी मान्यता बहुधा नसते. नाव नोंदवण्यापूर्वी मान्यता क्रमांक विचारा. कार्यक्रमानंतर महिनाभरात पॉइंट तुमच्या खात्यात दिसले नाहीत तर आयोजकांना तेव्हाच लिहा; चार वर्षांनी हजेरीपट कोणाकडेच सापडत नाही.

पाचव्या वर्षी धावपळ करून ३० पॉइंट गोळा करणं जमतं, पण ऐनवेळी आजारपण, परदेश प्रवास किंवा बाळंतपण आलं की अवघड होतं. वर्षाला सहा हा हिशेब ठेवावा.

नूतनीकरण चुकलं तर काय होतं, असं बरेच जण विचारतात. पदवी जात नाही. पण त्या काळात दिलेला दाखला, केलेली शस्त्रक्रिया, दिलेली भूल, सगळ्यावर बोट ठेवायला समोरच्या वकिलाला जागा मिळते. व्यावसायिक विमा कंपनीही वैध नोंदणीची अट दाखवून दावा अडवू शकते. रुग्णालयांनी आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक सल्लागार डॉक्टरच्या नोंदणीची अखेरची तारीख एका तक्त्यात ठेवावी आणि तीन महिने आधी आठवण द्यावी. भूलतज्ज्ञ बहुधा चार-पाच ठिकाणी फिरत असतात, त्यांचा कागद कोणाच्याच फाईलला नसतो. आधी त्यांचा मागा.

---

अश्विनी_कु

आणि रुग्णालयाची नोंदणी? तीही एमएमसीच देते का?

---

बाळे_स्टेशन

नाही, आणि इथेच लोकांची सगळ्यात मोठी गल्लत होते. परिषद माणसाला परवाना देते, इमारतीला नाही.

खाटा असलेल्या खासगी रुग्णालयाची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली होते. सोलापूर शहरात ती महापालिकेचा आरोग्य विभाग करतो, शहराबाहेर जिल्ह्याची सरकारी आरोग्य यंत्रणा. नोंदणी तीन वर्षांची असते आणि ३१ मार्चला संपते. हा दाखला दर्शनी जागी लावायचा. २०२१ मध्ये नियम बदलले तेव्हा दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणंही आलं. दरपत्रक कपाटात ठेवलंय आणि मागितल्यावर दाखवतो, हे चालत नाही.

सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची) नोंदणी वेगळी, गर्भपातासाठी एमटीपीची मान्यता वेगळी, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना वेगळा. नुसत्या ओपीडी दवाखान्याला १९४९ चा कायदा लागू होत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे एका खोलीच्या दवाखान्यासाठी डॉक्टरची स्वतःची नोंदणी हीच मुख्य गोष्ट उरते. म्हणून तो क्रमांक तपासणं इतकं गरजेचं आहे.

---

मंगळवेढेकर

खेड्यात सलाईन लावून देणारे असतात त्यांची तक्रार मग कोणाकडे? त्यांची तर कुठेच नोंद नसते.

---

होटगी_नाका

बरोबर, ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही त्याच्यावर परिषद काय कारवाई करणार? काढायला नावच नाही. तो फौजदारी विषय आहे.

महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ चं कलम ३३ यासाठीच आहे. पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं सक्तमजुरी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जिल्हा, तालुका आणि महापालिका पातळीवर बोगस डॉक्टर शोध समित्या आहेत. गावासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्या, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला. शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना.

हे गुन्हे कोर्टात का पडतात ते सांगतो, म्हणजे तक्रार करतानाच काळजी घेता येईल. छापा टाकला जातो, औषधं जप्त होतात, पण 'हा माणूस रुग्ण तपासत होता' हे सिद्ध करणारं काही नसतं. आरोपी सांगतो, मी तर डॉक्टरांचा मदतनीस, डॉक्टर जेवायला गेलेत. म्हणून त्याच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, पैसे दिल्याचा यूपीआयचा पुरावा आणि ज्याला इंजेक्शन दिलं त्या रुग्णाचा जबाब या तीन गोष्टी लागतात. एखाद्या खऱ्या डॉक्टरचं नाव पाटीवर आणि खुर्चीत भलताच, असं असेल तर दोन तक्रारी करा: बसणाऱ्याविरुद्ध पोलिसांत आणि नाव भाड्याने देणाऱ्याविरुद्ध त्याच्या परिषदेकडे. नाव भाड्याने देणाऱ्याला मी तरी जास्त दोषी मानतो. लोक त्याच्या पदवीवर विश्वास ठेवून आत गेलेले असतात.

'आरएमपी', 'इलेक्ट्रोहोमिओपॅथी' अशी अक्षरं असली तर वरच्यापैकी कुठल्याही परिषदेत नाव शोधा. सापडलं नाही की विषय संपला. तसंच लॅबचं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. डीएमएलटी झालेला तंत्रज्ञ तपासणी करू शकतो, रिपोर्ट प्रमाणित करू शकत नाही.

---

अश्विनी_कु

बीएएमएस आणि होमिओपॅथी डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं दिली तर ते बोगस ठरतात का?

---

होटगी_नाका

नाही, त्यांना बोगस म्हणू नका. मात्र दोघांची स्थिती सारखी नाही. बीएएमएसना राज्याच्या १९६१ च्या कायद्यात मर्यादित मुभा आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्तियार चंद प्रकरणात सांगितलं की राज्याच्या कायद्याने परवानगी दिली असेल तेवढीच ही मुभा, त्यापुढे नाही. होमिओपॅथीबद्दल १९९६ चा पूनम वर्मा निकाल कडक आहे: ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्याची औषधं दिली तर तो मुळातच निष्काळजीपणा. नंतर २०१४ मध्ये राज्याने दुरुस्ती करून एक वर्षाचा सीसीएमपी (आधुनिक औषधशास्त्राचा) कोर्स केलेल्यांना वाट करून दिली. त्यांची एमएमसीत वेगळी नोंद करण्यावरून २०२५ मध्ये संप झाला आणि वाद उच्च न्यायालयात गेला. रुग्णाने एवढंच विचारावं: तुमची नोंदणी कोणत्या परिषदेत, आणि सीसीएमपी केलंय का?

---

नोंदवही

आता तक्रारीकडे येऊ. नोंदणीकृत डॉक्टरविरुद्ध एमएमसीकडे तक्रार नेमकी कशी करायची?

---

होटगी_नाका

आधी कागद गोळा करा, राग नंतर. २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवायची असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. अर्जात नुसतं 'सर्व कागदपत्रे' लिहू नका. नावं लिहा: केसपेपर, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, भुलेची नोंद, शस्त्रक्रियेची टिपणं, संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड. ७२ तासांत कागद न देणं हेच स्वतंत्र गैरवर्तन आहे. उपचारात चूक सिद्ध करणं कठीण असतं, पण हे सिद्ध करायला एक शिक्का पुरतो.

मग तक्रार. ठरलेल्या नमुन्यात, नोटरी केलेल्या प्रतिज्ञापत्रासह, पानांना क्रमांक देऊन, आणि प्रत्येक डॉक्टरचं नाव व नोंदणी क्रमांक लिहून. 'अमुक हॉस्पिटल'विरुद्ध तक्रार घेतली जात नाही, कारण परिषदेच्या वहीत हॉस्पिटल नसतं.

मजकूर कसा हवा याचा नमुना देतो. "डॉक्टरांनी अक्षम्य हलगर्जीपणा केला" या वाक्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी: "रात्री ११ वाजता रुग्णाचा ताप १०३ होता (पान १४). नर्सने डॉक्टरांना फोन केल्याची नोंद आहे (पान १४). त्यानंतर सकाळी ८ पर्यंत डॉक्टरांनी तपासल्याची एकही नोंद नाही (पान १४ व १५)." विशेषणं काढा आणि वेळा घाला. चौकशी समितीत डॉक्टरच बसलेले असतात, त्यांना वेळा आणि नोंदी कळतात.

पुढे डॉक्टरला नोटीस जाते, त्याचं लेखी उत्तर येतं, प्रथमदर्शनी तथ्य आहे का ते पाहिलं जातं, आणि असेल तर सुनावणी. दोन्ही बाजू, साक्षीपुरावा, उलटतपासणी. शिक्षा म्हणजे ताकीद, ठरावीक मुदतीसाठी नाव काढणं किंवा कायमचं काढणं. नियमात सहा महिन्यांत निर्णय द्यायचं म्हटलंय, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागेल हे धरून चाला.

परिषद एक रुपयाही भरपाई देत नाही. ती हवी तर ग्राहक आयोग. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची. परिषदेचा निकाल येईपर्यंत थांबलात तर ही दोन वर्षं उलटून जातात. असे पुष्कळ दावे निव्वळ मुदतीत नसल्याने फेटाळले जातात. दोन्ही अर्ज एकाच वेळी करा, कायद्याने आडकाठी नाही.

---

डॉ_जुळेसोलापूर

साहेब, फौजदारीचंही लिहा. मृत्यू झाला की नातेवाईक थेट सदर बझारला किंवा जवळच्या ठाण्यात जातात आणि 'आत्ताच्या आत्ता गुन्हा दाखल करा' म्हणतात.

---

होटगी_नाका

२००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांनी गुन्हा पुढे नेण्याआधी त्याच शाखेतल्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यायचं असतं. म्हणून ते प्रकरण सरकारी वैद्यकीय मंडळाकडे पाठवतात. याला लोक टाळाटाळ समजतात, पण ती पद्धतच आहे. नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, इतरांना पाच. मृत्यू संशयास्पद वाटत असेल तर शवविच्छेदनाचा आग्रह धरा. अंत्यविधी झाल्यावर मृत्यूचं कारण सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होतं.

---

नोंदवही

आणि परिषदेचा निकाल पटला नाही तर?

---

होटगी_नाका

डॉक्टरला राष्ट्रीय आयोगाच्या नीती व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे अपील आहे, त्यापुढे आयोगाकडे साठ दिवसांत दुसरं अपील. २०१९ च्या कायद्यातलं कलम ३० वाचा: अपील करणारा म्हणून फक्त डॉक्टरचा उल्लेख आहे, रुग्णाचा नाही. जुन्या २००२ च्या नियमांत 'कोणतीही नाराज व्यक्ती' असे शब्द होते. हा बदल मला अन्यायाचा वाटतो. ज्याने आई गमावली त्याला एका समितीच्या निर्णयावर अपीलच नाही, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला दोन. हे कलम बदललं पाहिजे.

सध्या रुग्णाकडे उरतो तो उच्च न्यायालयातला रिट अर्ज. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय. मात्र परिषद मुंबईत असल्याने अर्ज कुठे टाकायचा ते वकिलाला विचारून ठरवा.

---

डॉ_जुळेसोलापूर

अपिलाबद्दल तुमच्याशी सहमत आहे. डॉक्टरांनाही यात फायदा नाही. वाट बंद झाली की माणूस तोडफोडीकडे किंवा पोलिसांकडे वळतो.

डॉक्टरमंडळींसाठी दोन गोष्टी, ज्यांवर तक्रारी खरोखर उभ्या राहतात.

पहिली, दाखले. आजारपणाच्या दाखल्यांची नोंदवही ठेवायची असते. दाखल्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता, किमान एक ओळखखूण, आणि एक प्रत आपल्याकडे. मागच्या तारखेचा दाखला ओळखीखातर दिला जातो आणि नोकरीच्या चौकशीत पकडला जातो. तिथे उपचाराचा प्रश्नच नसतो, सरळ खोटा दाखला म्हणून नाव काढलं जाऊ शकतं.

दुसरी, संमती. २००८ च्या समीरा कोहली निकालाने सांगितलंय की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, आणि एका शस्त्रक्रियेची दुसरीला नाही, जीव वाचवायची तातडी सोडून. आता आपल्या शहराचं बघा. पूर्व भागातल्या विडी कामगार बाईचं घरचं बोलणं तेलुगूत, अक्कलकोटकडच्या आजींचं कन्नडमध्ये, आणि समोर येतो इंग्रजीत छापलेला फॉर्म. त्यावर अंगठा घेऊन काय साधलं? तेलुगू, कन्नड आणि मराठी असे तिन्ही नमुने छापून ठेवा. ज्याने समजावून सांगितलं त्या नर्सचं किंवा दुभाष्याचं नाव, भाषा आणि वेळ हाताने लिहा, त्याची सही घ्या. शस्त्रक्रियेचं नाव, न केल्यास काय होईल आणि दुसरा पर्याय काय, ही तीन वाक्यं रुग्णाच्या भाषेत असली पाहिजेत.

---

मंगळवेढेकर

फेसबुकवर "पहिली तपासणी मोफत, गुडघा बदलीवर सवलत" अशा जाहिराती येतात. त्या चालतात?

---

होटगी_नाका

डॉक्टरने रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करणं २००२ च्या नियमांत गैरवर्तन आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवर जातोय, परत आलो, शुल्क अमुक आहे, एवढं औपचारिक निवेदन देता येतं. अडचण अशी की जाहिरात रुग्णालयाच्या नावाने येते आणि परिषदेचा हात रुग्णालयापर्यंत पोचत नाही. जाहिरातीत डॉक्टरचा फोटो आणि नाव असेल तर तक्रार करता येते. स्क्रीनशॉट घेताना तारीख आणि पानाचं नाव दिसलं पाहिजे.

---

अश्विनी_कु

शेवटचा प्रश्न. परिषदेच्या यादीत डॉक्टरचं नाव सापडलंच नाही, तर लगेच तक्रार करायची का?

---

नोंदवही

आधी तीन शक्यता तपासा. नाव आडनावाच्या क्रमामुळे किंवा लग्नाआधीच्या नावामुळे सापडत नसेल, म्हणून नावाने न शोधता क्रमांकाने शोधा. परिषद दुसरी असेल, म्हणून आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक याही याद्या बघा. किंवा नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल, तर कर्नाटक परिषदेची यादी आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय वैद्यकीय नोंदणी पोर्टल बघा. मात्र त्या पोर्टलवर सगळ्या डॉक्टरांची नोंद झालेली नाही, त्यामुळे तिथे नाव नसणं हा पुरावा धरू नका. एवढं करूनही नाव सापडलं नाही तर दवाखान्यात जाऊन क्रमांक विचारा. नोंदणीकृत डॉक्टर तो लगेच सांगतो. टाळाटाळ झाली तर पाटीचा फोटो आणि केसपेपरची प्रत जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी द्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.